पाठीमागचा आवाज

"कामात आवाजाचा फार वापर होतो का?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, मी ग्रंथालयात असतो. ते हसले. मीही हसलो. बायको तेवढी हसली नाही. ती चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते, समोरच्याचा चेहरा वाचायची तिला सवय आहे, आणि डॉक्टर आता काय बोलणार ते तिला माझ्या आधी कळलं होतं. डॉक्टरांनी पॅडवर गळा काढला. एक नळी, नळीच्या वर एक खोका, खोक्यात दोन रेघा. त्या रेघांवर पेन टेकवून ते म्हणाले, मागच्या वर्षी किरणांनी गेलं असं आपल्याला वाटलं होतं ते परत आलंय, आता हा खोकाच काढावा लागेल. म्हणजे किती, मी विचारलं. सगळा, ते म्हणाले. श्वास इथून, असं म्हणत त्यांनी स्वतःच्या टायच्या गाठीखाली बोट लावलं, आणि आवाज नाही. एक छोटं यंत्र मिळतं, गळ्याला लावून बोलता येतं, काहींना जमतं, काहींना नाही जमत. केलंत तर बरीच वर्षं काढाल. नाही केलंत तर, एवढं बोलून ते थांबले, पॅडवरचा कागद फाडला आणि माझ्या हातात दिला. त्या गळ्याचं मी काय करणार होतो कोण जाणे. पण ग्रंथालयातल्या माणसाला कागद टाकवत नाही. घडी घालून खिशात ठेवला.

लिफ्टमध्ये मी बायकोला म्हणालो, बरंच झालं, जन्मभर लोकांना गप्प बसा गप्प बसा सांगितलं, आता आपली पाळी. ती म्हणाली, पुरे. लिफ्टमध्ये आणखी एक बाई होत्या, त्या उगीचच मजल्यांच्या आकड्यांकडे बघायला लागल्या. मला आठवत होतं की डॉक्टरांना मी हो म्हणालो नव्हतो. नाहीही म्हणालो नव्हतो. विचार करून सांगतो म्हणालो होतो, आणि ते म्हणाले होते, करा, पण फार लांबवू नका. रात्री जेवताना बायकोच्या तोंडाशी तिचं ते दुकानातलं वाक्य आलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, हे बरं की ते बरं? घरीसुद्धा ती तसंच विचारते. पडदे घेताना, मुलीच्या फ्रॉकचं कापड घेताना, लग्नानंतर पहिलं भाड्याचं घर बघताना, हे बरं की ते बरं? त्या रात्री ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिने पाण्याबरोबर गिळून टाकलं. मला ते दिसलं. मला एवढी दया आली तिची की मी जेवण अर्ध्यावर टाकून उठलो आणि वर तिच्यावरच चिडलो, मीठ जास्त झालंय म्हणून.

खरं सांगायचं तर मरणाचं मला तितकंसं वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं, पण ते सगळ्यांनाच वाटतं. मला जे वाटलं ते सांगायची लाज वाटावी असं होतं. मला फुटबॉल आठवला. केस पिकलेला, चष्मा लावणारा, जिने चढताना धापा टाकणारा हा माणूस, आणि त्याला डॉक्टर सांगतायत तुझा गळा काढतो, आणि ह्याला काय आठवतंय, तर कॉलेजचा फुटबॉल. पण आठवला खरा. कारण आयुष्यात एकदाच मी कशाचा तरी चॅम्पियन झालो होतो, आणि तेव्हा मी फक्त बोललो होतो. दुसरं काहीही केलं नव्हतं. आता तेही काढून घेणार म्हणजे माझ्याकडे राहणार काय? ग्रंथालयातली नोकरी? तिथं तर मी कुजबुजतोच. माणसं टेबलापाशी येतात, मी मान वर करतो, अमुक पुस्तक तमुक कपाटात, असं ओठांतल्या ओठांत सांगतो, आणि ती जातात. माझा खरा आवाज तिथल्या कुणीही कधी ऐकलेला नाही. तो मी घरी आणायचो. बूट काढायच्या आधीच सुरू व्हायचो. बायको म्हणायची, आले, रेडिओ आला.

आमचं कॉलेज अगदीच किरकोळ होतं. मैदान आमचं एकट्याचं नव्हतं, अग्निशमन दलाचे जवान सकाळी तिथं पाइप उलगडायचे, त्यामुळे एका कोपऱ्यात कायम चिखल. आमचे सर मुळात भूगोलाचे. खेळाचे सर निवृत्त झाले आणि त्या जागेवर कुणी आलंच नाही म्हणून प्रिन्सिपॉलांनी त्यांच्या गळ्यात शिटी अडकवली. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला रांगेत उभं केलं, आणि मी सवयीप्रमाणे शेजारच्याशी बोलत होतो. ते म्हणाले, हा गप्प बसत नाही, ह्याला सगळ्यांच्या मागे नेऊन उभा करा. असा मी गोलकीपर झालो. ना उंची, ना झेप. माझ्या पुढ्यात, बचावाच्या मधोमध, स्टॉपरच्या जागी जो उभा राहिला त्याला आम्ही आडव्या म्हणायचो, कारण समोरून कुणीही आला तरी तो आडवाच येणार. अंगाने कपाटासारखा रुंद आणि स्वभावाने मुखदुर्बळ. दिवसभरात चार वाक्यं बोलला तर खूप. त्याचा एक गुण होता. तो मागे वळून बघत नसे. बाकीचे स्टॉपर सारखे मान वळवतात, मागे कोण आहे बघायला, आणि तेवढ्यात चेंडू जातो. आडव्या समोर बघायचा आणि मागचं सगळं माझ्यावर सोडायचा. मी सांगायचो, तो हलायचा. डावीकडे. मागे माणूस आहे. सोड, माझा. माझं तोंड सबंध मॅचभर बंद होत नसे. गोलपोस्टमागे बसणारी मुलं वैतागून दुसरीकडे जाऊन बसायची.

त्या सीझनच्या सुरुवातीलाच ती मॅच झाली. चेंडू उंच आला, आडव्या डोकं लावायला तयार, आणि मागून आवाज आला, "सोड, माझा!" त्याने सोडला. आवाज माझा नव्हता. त्यांचा फॉरवर्ड त्याच्या पाठीशी उभा होता, तोच माझ्यासारखा आवाज काढून ओरडला होता. आडव्या बाजूला झाला आणि त्या पठ्ठ्याने आरामात चेंडू माझ्या पायांमधून ढकलला. रेफरीने काही ऐकलं नाही. आम्ही आरडाओरडा केला, आमच्याच कॅप्टनला ताकीद मिळाली, मॅच बरोबरीत सुटली. परतताना बसमध्ये सगळे आडव्यावर तुटून पडले, की तुला ह्याचा आवाजसुद्धा ओळखू येत नाही का, आणि तो खिडकीबाहेर बघत बसून राहिला. मग बऱ्याच वेळाने मला एकट्याला म्हणाला, मैदानावर कुणीही सोड म्हणेल रे. तू तुझी आई बोलते तसं बोल. त्याच्या आदल्या आठवड्यात तो आमच्या घरी जेवायला आला होता.

आमच्या घरात माणसं फार आणि खोल्या दोन. आई स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी असायची, म्हणजे साऱ्या घराकडे पाठ, आणि तिथूनच सगळं घर चालवायची. मागचं दार लावा. पाहुणे आले वाटतं, कुणीतरी पुढे व्हा. दूध वर आलं, अरे दूध वर आलं. राहू दे, मी बघते. ती वळून बघत नसे, आणि तरी तिला कळायचं की धाकट्याने चप्पल घालून आत पाऊल टाकलंय, की माझी बहीण खिडकीत उभी राहून अभ्यासाचं नाटक करतेय. आम्ही त्याला कटकट म्हणायचो. आडव्या त्या दिवशी भिंतीला टेकून बसला होता, जेवणाकडे लक्ष नाही, तिच्या पाठीकडे बघत होता. तो आईविना वाढलेला होता हे मला तेव्हा माहीत असूनही कधी डोक्यात आलं नव्हतं. बसमध्ये तो म्हणाला तेव्हा आलं.

पुढच्या मॅचपासून मी आई झालो. फॉरवर्ड आडव्याच्या पाठीमागे सरकला की मी म्हणायचो, पाहुणे. डावीकडून सरकला तर डावीकडे पाहुणे. गोलची एखादी बाजू उघडी पडली की मागचं दार लाव. चेंडू गोलच्या तोंडाशी घोटाळत असला की दूध वर आलं, आणि मग ज्याच्या पायाशी असेल त्याने आगापिछा न बघता तो मैदानाबाहेर भिरकवायचा. आणि मी स्वतः पुढे येणार असलो की राहू दे, मी बघते. बघते. आईचं वाक्य आईचंच राहिलं, ते बदलायला जीभ वळेना. समोरचे फॉरवर्ड हसून हसून बेजार व्हायचे, मला हाका मारायचे, चिडवायचे, पण नक्कल करायची कुणाची छाती झाली नाही. भर मैदानात एवढ्या लोकांपुढे मी बघते म्हणायचं म्हणजे खायचं काम नाही. सर भूगोलाचे असल्यामुळे त्यांना ही पद्धत कुठल्या पुस्तकातली आहे असा प्रश्न पडला नाही. ते म्हणाले, चालू द्या. आणि चालूच राहिलं. आम्ही एक जिंकलो, दुसरी जिंकलो, मग लोक आम्हाला बघायला यायला लागले. आमची पोरं आडव्यापर्यंत चेंडू येऊच देईनात, आणि आलाच तर तो आडवा. माझ्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. थंडीच्या दिवसांत मी गोलमध्ये उभा राहून गारठायचो, हातमोजे कोरडे, पँट पांढरी स्वच्छ, आणि तोंड चालू. चॅम्पियन होणाऱ्या टीममध्ये सगळ्यात स्वच्छ कपडे माझे असायचे. आई खूश होती.

चॅम्पियन झाल्यावर कॉलेजात सत्कार झाला. प्रिन्सिपॉल एकेकाला पुढे बोलवून त्याच्याविषयी दोन शब्द बोलत होते. गोल मारणारा, गोल करून देणारा, आडव्या, कॅप्टन. शेवटी माझ्यापाशी आले, जरा घुटमळले, आणि म्हणाले, आणि हे आपले गोलकीपर, ह्यांना काही फारसं काम पडलं नाही! सगळा हॉल हसला. मीही हसलो, अगदी दात दाखवून. फोटोत ते दात आहेत. घरी जाताना मात्र मला रडू आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी लांबच्या रस्त्याने गेलो. प्रिन्सिपॉल काही वाईट माणूस नव्हते. त्यांना दिसलं तेवढंच ते बोलले. बोलणं कुठं दिसतं? तेव्हापासून मी स्वतःच्या मनाशी एक धरून ठेवलंय, फायनलमधली ती शेवटची काही मिनिटं. एक गोलने आम्ही पुढे. त्यांचं सगळं गाव लोटलेलं, पत्र्याच्या स्टँडवर पाय आपटून आपटून असा काही कल्लोळ की कानठळ्या बसाव्यात. त्यांनी कोपऱ्यातून चेंडू उचलला, आडव्या समोर बघतोय, आणि त्याच्या डाव्या खांद्यामागून त्यांचा उंच फॉरवर्ड निघाला. मी ओरडलो, डावीकडे पाहुणे. घशातून काहीतरी फाटलं असं वाटलं. आणि आडव्या, मागे न बघता, डावीकडे एक पाऊल सरकला आणि त्याने चेंडू डोक्याने बाहेर काढला. थोड्याच वेळात शिटी झाली. ते एक पाऊल माझं होतं. एवढी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही, पण ग्रंथालयात कपाटांमधून चालताना, बढती हुकली तेव्हा, आई गेली तेव्हासुद्धा, मी ते काढून बघितलेलं आहे. ते एक पाऊल माझ्या आवाजाने पडलं होतं.

आणि आता हा खोका काढणार. मुलीला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग डोळे पुसून कामाला लागली, ती आईवर गेली आहे. म्हणाली, बाबा, तुमचा आवाज भरून ठेवू या. मोबाइल टेबलावर उभा केला आणि म्हणाली, बोला. काय बोलू? काहीही बोला. मला एक शब्द सुचेना. आयुष्यभर ज्याचं तोंड बंद झालं नाही तो माणूस त्या काळ्या काचेपुढे मुका झाला. लहानपणची गोष्ट सांगा, ती म्हणाली. मी सुरुवात केली, घसा खरखरला, थांबलो. मला स्वतःचीच चीड आली. बोलायला समोर कुणाची तरी पाठ लागते मला, हे तिला कसं सांगणार. मी खुर्चीवरून उठून आत गेलो, आणि आत ओट्यावर दूध फेसाळून वर येत होतं. बायको नेहमीप्रमाणे दुसरीकडे तोंड करून दुकानातून आणलेल्या फ्रेमा पुसत होती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, दूध तापत ठेवून ती विसरली नाही असा दिवस नाही. मी ओरडलो, दूध! तिने झटकन गॅस बंद केला. मुलगी म्हणाली, बाबा, हे आलं बघा रेकॉर्डमध्ये, आणि आम्ही तिघंही हसलो. हसता हसता मला वाटलं, ह्यापुढे हे दूध रोज उतू जाणार. मग वाटलं, नकोच ते ऑपरेशन. जेवढे दिवस आहेत तेवढे बोलून घेऊ. त्या रात्री मी बायकोला तसं सांगूनही टाकलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली, आणि ती झोपलेली नाही हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली हॉर्न वाजला. बघतो तर आडव्याची गाडी, छपरावर त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. आडव्याने जन्मभर हाच धंदा केला. शिकाऊ माणसाच्या शेजारी गप्प बसायचं, समोर बघायचं, आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक वेळेवर दाबायचा. आम्ही वर्षातून दोन-चारदा भेटतो, पण त्याला हे मी सांगितलेलं नव्हतं. बायकोने फोन केला होता. तिने आजवर त्याला कधी फोन केला नव्हता. तो वर आला नाही, मलाच खाली बोलावलं. चल, म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसलो, त्या शिकवणाऱ्याच्या जागेवर, माझ्या पायाखाली तो दुसरा ब्रेक. बराच वेळ आम्ही नुसते फिरत होतो. आमचं जुनं मैदान आलं, त्याला आता उंच जाळी आहे, आत मुली सराव करत होत्या, त्यांची गोलकीपर गुडघ्यांवर हात ठेवून मुकाट उभी होती. आडव्याने गाडी हळू केली पण थांबवली नाही. मीच बोलायला सुरुवात केली. आवाज धड फुटत नव्हता, तरी सगळं सांगितलं, डॉक्टरांचा खोका, मोबाइल, दूध, सगळं. आणि शेवटी, आजवर न बोललेलं तेही बोललो. म्हणालो, आडव्या, फायनलला तू ते डावीकडे पाऊल टाकलंस ना, ते माझं होतं बघ. तेवढंच माझं आहे. ते ज्याने केलं तेच कापून टाकायचं म्हणजे मग कशाला?

चौकात सिग्नल लागला आणि सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. मग गाडी पुढे काढत, समोरच बघत तो म्हणाला, "फायनलला तुझं मला काहीच ऐकू आलं नाही रे."

मला वाटलं, हॉर्नच्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, दुसऱ्या हाफमध्ये त्या पत्र्यांच्या गोंगाटात कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं, तुझा एक शब्द पोचला नाही. सहज सांगितलं त्याने, जसं कुणी सांगावं की तेव्हा ऊन होतं. मला राग आला. साधासुधा नाही, डोक्यात जाणारा राग आला. ह्या माणसाने एवढी वर्षं मला ते पाऊल बाळगू दिलं आणि आज, नेमकं आज, सांगतोय. मी म्हणालो, गाडी थांबव. त्याने थांबवली नाही म्हणून मी माझ्या पायाखालचा ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन थांबली, मागे शिव्यांचा पाऊस पडला, मी उतरलो आणि फुटपाथवरून चालायला लागलो. कुठं जातोय काही ठाऊक नाही. डोळ्यांपुढे तो हॉल, ते प्रिन्सिपॉल, काही फारसं काम पडलं नाही. बरोबरच होतं मग त्यांचं. मी पत्र्याशी बोललो होतो. चांगलं लांबवर गेलो तरी मागे कसलीशी घरघर येत होती. वळून बघितलं तर आडव्या फुटपाथच्या कडेकडेने, पहिल्या गिअरमध्ये, माझ्या मागे गाडी आणत होता. छपरावर ती पाटी, शिकाऊ वाहन, अंतर ठेवा. दुकानांतले लोक बघत होते. मला हसू आलं, आणि हसू आल्याचा आणखी राग आला. शेवटी मी खिडकीपाशी गेलो आणि आत वाकून विचारलं, मग तू डावीकडे गेलास कसा?

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे असं बघितल्याचं मला आठवत नाही. डोळे म्हाताऱ्याचे झाले होते. मला वाटतं माझेही झाले असतील, आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

"तू काय म्हणत असशील ते मला ठाऊक होतं ना," तो म्हणाला. "सबंध सीझन कानात होतास तू. तेव्हा ऐकायला कशाला लागतंय?"

आडव्याच्या मानाने हे भाषणच झालं. मग तो ओशाळला, पुन्हा समोर बघायला लागला आणि म्हणाला, बस आता, शिकायला आलेली माणसं खोळंबलीयत. मी बसलो. एका वळणावर डावीकडून सायकल येत होती, मी तोंड उघडायच्या आत त्याने गाडी हळू केली. त्यात काही विशेष नव्हतं, तो ड्रायव्हिंगच शिकवतो. पण माझ्या मनात काहीतरी खाली बसलं. घरी आल्यावर बायको दार उघडून उभी होती, चेहऱ्यावर प्रश्न, आणि तोंडाने काही विचारायची तिची हिंमत नाही. मी चपला काढत म्हणालो, करून टाकू या. कधी, तिने विचारलं. डॉक्टर म्हणतील तेव्हा, मी म्हणालो. ती आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. भांडी एकही नव्हती.

मग जे दिवस मिळाले ते मी भरपूर बोललो. ग्रंथालयात शेवटच्या दिवशी मोठ्या आवाजात म्हणालो, येतो बरं का सगळ्यांनो. वाचणाऱ्यांनी चमकून माना वर केल्या आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. ऑपरेशनच्या सकाळी, स्ट्रेचरवर, काहीतरी चांगलं बोलावं असं मनात होतं. बायको बाजूने चालत होती, मुलगी दुसऱ्या बाजूने. मी म्हणालो, मागचं दार लावलंत ना निघताना? माझं शेवटचं वाक्य ते. मला त्याची लाज वाटत नाही.

आता गळ्याशी एक भोक आहे, त्यावर जाळीचा रुमाल. ते यंत्र मी लावून पाहिलं, त्यातून कुणी तिसराच माणूस बोलतो, कपाटात अडकलेला. ते खणात ठेवून दिलंय, पुढे जमेल कदाचित. सध्या हे सगळं मी मनातल्या मनात बोलतो, तोंड काही बंद झालेलं नाही. पहिले दिवस फार वाईट गेले. आरशात बघून रडलो, आणि रडण्याला आवाज नाही ह्याचीच जास्त भीती वाटली. पाटीवर लिहायचा कंटाळा येतो. लिहून होईपर्यंत माझं बोलणं शिळं झालेलं असतं. मुलगी फोनवरून तिच्याकडचं सगळं सांगते, मी फोनवर टिचकी मारतो, एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि तिला राग आणायचा असला की पुष्कळ.

काल संध्याकाळी मी माझ्या खुर्चीत बसलो होतो. तिथून दारातून ओटा दिसतो. बायको कामावरून आली होती, दूध तापत ठेवलं होतं आणि माझ्याकडे आणि गॅसकडे पाठ करून, खिडकीच्या उजेडात, एक भिंग कापडाने पुसत होती. तिचे खांदे थकलेले होते. मी बघत होतो. पातेल्यात कडेने बुडबुडे आले, मग साय ताणली गेली, मग मधून फुगली. मी तोंड उघडलं. सवयीने छाती भरून घेतली आणि ओरडलो, आणि गळ्यावरचा रुमाल नुसता हलला. कसलाही आवाज झाला नाही. उठायला वेळ नव्हता, टिचकी पोचण्याइतकी मोठी नव्हती. साय काठाला आली. बायकोने मागे वळून न बघता डावा हात मागे नेला आणि गॅस बंद केला. दूध काठाशी थरथरलं आणि खाली बसलं.

"ऐकलं हो," ती म्हणाली, आणि भिंग उजेडात धरून पुन्हा पुसायला लागली.